मांडवाबाहेरचं संस्कृत

पुस्तकवेडाच्या आठवणींना मराठीत तोटा नाही. सतीश काळसेकरांची 'वाचणाऱ्याची रोजनिशी' आहे, निरंजन घाटे यांचं 'वाचत सुटलो त्याची गोष्ट' आहे. शिवाय माळ्यावरची ट्रंक, वाचनालयाचा शिक्का पडलेली पिवळी पानं आणि कंदिलाच्या उजेडात संपवलेली कादंबरी कितीतरी आत्मचरित्रांच्या पहिल्या पन्नास पानांत हमखास भेटतात. या आठवणींमधली अडचण बहुतेक वेळा एकच असते. पुस्तक हाताशी नसतं. ते कुठून तरी मिळालं, की पुढचा रस्ता मोकळा.

कुमुद पावडे यांच्या 'अंतःस्फोट'मधल्या (१९८१) संस्कृतवरच्या लेखात अडचण दुसरीच आहे. इथे पुस्तक आहे, शिकवणारे गुरुजी आहेत, मुलीचं डोकं तर तल्लखच आहे. अडलंय ते एवढ्यावर, की हे शब्द या मुलीच्या तोंडून निघावेत की नाही. बालपणीच्या विद्याप्रेमावरचं इतकं अस्वस्थ लेखन मराठीत दुसरं मी वाचलेलं नाही. दर वाचनात त्यात एखादी नवी नजाकत सापडते, म्हणून हे रसग्रहण.

कुमुदताई नागपूरच्या. जन्म १९३८ चा, महार कुटुंबातला, माहेरचं आडनाव सोमकुवर. संस्कृत घेऊन त्या एम.ए. झाल्या आणि पुढे सरकारी महाविद्यालयात संस्कृत शिकवू लागल्या. २०२३ साली त्या गेल्या. चरित्राच्या या चार ओळी सांगून टाकल्या की लेखातली गोष्टही संपलीच, असं कुणाला वाटेल. पण लेखाची गंमत गोष्टीत फारशी नाही. ती कोणत्या क्रमानं सांगितली आणि कुठे थांबून सांगितली, यात आहे. वाशीम जिल्ह्यात बसून वाचणाऱ्याला तर हा लेख आणखी एका अंगानं बोलू लागतो. त्याकडे येतोच.

आधी सुरुवात पाहा. आत्मकथनाची सुरुवात आपण जन्मापासून किंवा घरापासून अपेक्षितो. कुमुदताई सुरुवात करतात ती स्वतःच्या स्तुतीपासून. लोक तोंडावर कौतुक करतात आणि ते ऐकताना आपल्याला काहीतरी डसत राहतं, असं त्या सांगतात. आपली ही तक्रार वाचकाला शिष्टपणाची वाटेल, हेही त्यांनी आधीच ओळखलेलं आहे. मग एकेक स्तुतिवाक्य त्या उचलतात. तुम्ही संस्कृत शिकवता, वा, ऐकून आनंद झाला, अशा धाटणीची ही वाक्यं. शब्द साधे, अर्थ सरळ. सभेत कुणी बोललं तर टाळ्या पडतील. पण सूर निराळा आहे, आणि त्या सुरात दडलेलं दुसरं वाक्य लेखिका आपल्याला मोठ्यानं ऐकवते. कलियुग आलं, शास्त्रं बाटली, हे लोक काय, सरकारचे जावई!

ज्यानं संस्कृत काव्यशास्त्राचं पहिलं पान उलटलंय त्याला इथे थबकावं लागेल. वाच्यार्थ एक आणि सूचित होणारा अर्थ भलताच, हा तर आनंदवर्धनाच्या ध्वनिसिद्धान्ताचा पहिला धडा. फरक इतकाच, की आनंदवर्धनाची उदाहरणं बहुधा प्रेमिकांच्या चतुर बोलण्याची असतात आणि व्यंग्यार्थ उलगडला की रसिक सुखावतो. इथे व्यंग्यार्थ उलगडतो आणि ऐकणारीच्या मनाला भोकं पडतात. लेखिकेनं कुठेही 'ध्वनी' हा शब्द मिरवलेला नाही की 'व्यंजना' म्हटलेलं नाही. आपण संस्कृत किती शिकलो, हे सांगायची वेळ आली तेव्हा तिनं त्या शास्त्राचं सर्वांत धारदार हत्यार काढलं आणि ते स्तुती करणाऱ्यांच्याच वाक्यांवर चालवून दाखवलं. विद्वत्तेचा असा पुरावा मला तरी प्रबंधांच्या ढिगाऱ्यात सापडलेला नाही.

आणि तो 'सरकारचे जावई' हा टोमणा वाचकानं लक्षात ठेवावा. तो पुन्हा उच्चारला जात नाही, पण लेख संपतो त्याच्याच नात्यागोत्यात.

या सुरुवातीतली आणखी एक बारीक गोष्ट सुटू नये. कौतुक करणाऱ्यांचा एकच गठ्ठा कुमुदताई करत नाहीत. त्यांच्या समाजातली माणसं कौतुक करतात, तेव्हा शतकानुशतकं हात लावू न दिलेली वस्तू आपल्यातल्या एकीच्या हाती आली याचा अभिमान त्यांच्या नजरेत असतो. दुसरे आतून कुढत वरून गोड बोलतात. आणि तिसऱ्या प्रकारचे लोक खरोखर भले आहेत, त्यांचं कौतुक मनापासूनचं आहे. फक्त आपण काय बोलतोय याचा त्यांना पत्ता नाही. या तिसऱ्यांबद्दल लिहिताना लेखणी सर्वांत जास्त सांभाळलेली आहे. शत्रूवर लिहिणं सोपं असतं. भल्या माणसाच्या निरागस वाक्यानं होणारी जखम, त्या माणसाचा भलेपणा कायम ठेवून दाखवणं ही जातिवंत ललितलेखकाची कामगिरी.

इथून लेख मागे वळतो. संस्कृत शिकायचं खूळ डोक्यात शिरलं कसं? आणि आपण एका मुंजीपाशी येऊन पोचतो.

मुलगी सात-आठ वर्षांची. मुंज लागलेली, मंत्रांचे स्वर कानावर येताहेत, ती बाहेर उभी राहून ऐकतेय. तिला त्या उच्चारांची भूल पडलीय. अर्थ कळत नाही, अर्थाची गरजही नाही. आणि तेवढ्यात तिची जात काढून तिला तिथून हुसकावलं जातं. प्रसंग एवढाच. कानाला जे गोड लागलं तेच कानानं ऐकू नये असं सांगणारा आवाजही त्याच कानात शिरतो. संस्कृतची ओढ आणि संस्कृतची बंदी त्या मुलीला एकाच क्षणी, एकाच ठिकाणी मिळाली. पुढचा सगळा लेख या एका क्षणातून उसवत जातो.

इथे वाशीमच्या वाचकाच्या मनात दुसरी एक मुंज उभी राहते, आणि ती टाळून पुढे जाता येत नाही. आपल्या जिल्ह्यातलं कारंजा लाड म्हणजे नृसिंह सरस्वतींचं जन्मस्थान. 'गुरुचरित्रा'च्या अकराव्या अध्यायातली कथा इकडच्या पोरासोरांनाही ठाऊक असते. माधव आणि अंबा यांना झालेला नरहरी जन्मतः ओंकार म्हणतो आणि नंतर सात वर्षं दुसरा शब्द काढत नाही. मुका पोरगा म्हणून आईबाप झुरतात. तो खुणेनं सांगतो, माझी मुंज करा. गावात कुजबुज होते, मुक्याला कसली गायत्री आणि कसली मुंज? पण मांडव पडतो, आई भिक्षा घालते आणि पहिल्या भिक्षेला ऋग्वेद, दुसरीला यजुर्वेद, तिसरीला सामवेद त्या मुक्याच्या तोंडून बाहेर पडतो. गाव थक्क.

आता या दोन मुंजी शेजारी शेजारी ठेवून पाहा. कारंज्याच्या मांडवात मध्यभागी जो मुलगा बसलाय त्याला वाचा नाही, तरी तो बोलेल म्हणून सारी व्यवस्था त्याच्यासाठी थांबलेली. नागपूरच्या मांडवाबाहेर जी मुलगी उभी आहे तिला कान आहेत, वाचा आहे, ओढ आहे, आणि तिला निघून जायला सांगितलंय. वयही जवळजवळ सारखं. एक कथा श्रद्धेची, दुसरी आठवण. एक ओवीत, दुसरी गद्यात. पण आपण 'गुरुचरित्रा'तला चमत्कार वाचतो तेव्हा मुलगा बोलला याचं नवल करतो. मांडवाच्या आत असण्याचं नवल आपल्याला कधी वाटलेलंच नसतं. 'अंतःस्फोट'च्या त्या पानानं मला ते पहिल्यांदा वाटायला लावलं. चांगल्या लेखनाची मला कळणारी एक खूण अशी, की ते आपल्या आधीच्या वाचनातही ढवळाढवळ करतं. ही ढवळाढवळ तर पोथीपर्यंत पोचली. बायकांनी 'गुरुचरित्र' वाचू नये, असा दंडक आपल्याकडे अनेक घरांत अजून पाळतात. तेव्हा मांडवाबाहेर फक्त एकट्या महाराच्या मुलीला उभं केलेलं होतं असंही नाही. ती सर्वांत लांब उभी होती, इतकंच.

मुंजीनंतर गोखले गुरुजी येतात, आणि लेखाचा सूर पालटतो. संपूर्ण लेखातलं सर्वांत देखणं व्यक्तिचित्र हेच.

गुरुजींना लेखिका आधी कपड्यांतून उभं करते. धोतर, लांब बाह्यांचा सदरा, डोक्याला काळी टोपी, कपाळावर गंध. बोलणं खणखणीत, उच्चार स्वच्छ. या वर्णनातला कावा ओळखायला हवा. मुंजीचा प्रसंग आपण नुकताच वाचलाय. गंध आणि टोपी दिसताच आपण मनाशी ठरवून मोकळे होतो, की आता हा माणूसही हिला हाकलणार. वर्गात बसलेल्या मुलीलाही तीच धास्ती आहे. वाचकाचा पूर्वग्रह आणि मुलीची भीती अशी एका रेषेत आणून ठेवल्यावर कुमुदताई ती रेष अलगद पुसतात. गुरुजी तिला शिकवतात. मनापासून, आनंदानं, काहीही राखून न ठेवता शिकवतात. कसला गाजावाजा नाही, सुधारकी भाषण नाही, कुठली प्रतिज्ञा नाही. त्यांच्या दृष्टीनं एक हुशार मुलगी संस्कृत शिकायला आलीय, याहून वेगळं काही घडलेलंच नाही. आपण मात्र वाचता वाचता थोडे ओशाळतो. कपड्यांवरून जात आणि जातीवरून माणूस ठरवण्याची खोड वाचकातही होतीच, हे एका परिच्छेदात सिद्ध झालेलं असतं.

या टप्प्यावर आपल्याच माणसांनी घातलेला मोडताही लेखिका लपवत नाही. हे घेऊन काय करणार, आपल्याला झेपणार आहे का, असं म्हणणारे घराभोवती होतेच. याचा उल्लेख ती फार ताणत नाही, आणि ते बरंच.

मग पदव्युत्तर शिक्षण, आणि तिथे दुसरे एक शिक्षक. विभागाचे प्रमुख, देशभर नाव असलेले पंडित. त्यांचं नाव ती देत नाही. (ज्यांनी दिलं त्या गोखले गुरुजींचं नाव आहे, ज्यांनी नाकारलं ते निनावी. हा विवेकही नोंदवून ठेवण्यासारखा.) यांच्या डोक्यावर टोपी नाही. पोशाख आधुनिक, वाणी रसाळ. परमतत्त्वाचं विवरण असं करतात की अवघडातलं अवघड सोपं व्हावं. आणि या मुलीनं संस्कृत शिकणं त्यांना रुचत नाही, ते रुचत नसल्याचं ते तिला जाणवूनही देतात.

दोन गुरूंची ही तुलना कुणीही केली असती. कुमुदताईंनी ती कशी केली ते पाहावं. पहिल्या चित्रात टोपी होती, दुसऱ्यात टोपी नसल्याचा मुद्दाम उल्लेख आहे. म्हणजे दुसरं चित्र रंगवताना चित्रकर्तीनं पहिलं समोर धरलंय आणि वस्तूला वस्तू लावत ती चाललीय. टोपीला टोपीचा अभाव, धोतराला आधुनिक कपडे, शाळामास्तरकीला अखिल भारतीय कीर्ती. सगळ्या बाबतींत पारडं दुसऱ्याकडे झुकत जातं आणि शेवटच्या एका वजनानं उलटतं. परंपरेनं एकाला आक्रसून टाकलं, दुसऱ्याला समृद्ध केलं, असा तिचा निवाडा आहे; आणि ज्याला समृद्ध केलं तो टोपीवाला. त्याच्यासाठी ती प्रतिमा वापरते फळांनी लवलेल्या झाडाची.

ही प्रतिमा मी कितीतरी दिवस नुसती वाचून पुढे गेलो. मग लक्षात आलं, फळभारानं वाकलेला वृक्ष म्हणजे संस्कृत सुभाषितांतला सज्जनाचा ठरलेला दृष्टान्त. संस्कृत शिकलेल्या प्रत्येकानं तो शाळेत घोकलेला असतो. गोखले गुरुजींनीही तो वर्गात शिकवला असेल, असं मानायला हरकत नाही. शिष्येनं गुरूला दक्षिणा द्यायची तर ती त्यानंच दिलेल्या विद्येतून द्यावी, आणि तीही इतकी गुपचूप, की ज्याला कळायचं त्यालाच कळावं. दुसऱ्या पंडितांसाठी तिनं संस्कृतातली एकही प्रतिमा खर्च केलेली नाही. हा हिशेब मला विलक्षण आवडतो.

आता भाषेकडे. दलित स्त्रियांच्या आत्मकथनांत नंतर जी गाजली, त्यातल्या बेबी कांबळे यांच्या 'जिणं आमुचं'ची किंवा शांताबाई कांबळे यांच्या 'माज्या जल्माची चित्तरकथा'ची ताकद त्यांच्या बोलीत आहे. शीर्षकापासूनच ती बोली उंबरा ओलांडून आत येते. कुमुदताईंचं गद्य त्या वाटेनं जात नाही. त्यांची मराठी प्रमाण आहे, तत्सम शब्दांची आहे, वाक्यं आखीव आहेत. काही वाचकांना ती परकी वाटते. दलित आत्मकथन म्हणजे रांगडी बोली, असं एक समीकरण आपण करून ठेवलंय. मला हे समीकरण मुळीच पटत नाही. जिला संस्कृत बोलायची मनाई झाली ती तत्सम शब्दांच्या घरात आपली गोष्ट सांगते, तेव्हा भाषेची निवड हाच कथेचा अर्धा भाग असतो.

संस्कृत नाटकांचा एक जुना संकेत आहे. राजे आणि ब्राह्मण संस्कृत बोलतात, बहुतेक स्त्रिया आणि हलक्या मानलेल्या जातींची पात्रं प्राकृत बोलतात. या हिशेबानं कुमुद सोमकुवर या पात्राला दुहेरी प्राकृत नेमून दिलेलं होतं, बाई म्हणून आणि महार म्हणून. तिनं संवाद बदलून घेतले. आणि हे वाशीममध्ये बसून वाचताना गमतीदार वाटतं, कारण हे गाव म्हणजे वाकाटकांच्या एका शाखेची राजधानी वत्सगुल्म. इथल्या शाखेचा मूळपुरुष सर्वसेन यानं 'हरिविजय' हे काव्य लिहिलं ते प्राकृतात, आणि आनंदवर्धनानं त्याची दखल घेतली. १९३९ मध्ये उजेडात आलेल्या वाशीमच्या ताम्रपटात राजाची वंशावळ संस्कृतात आहे आणि दानाचा व्यवहार प्राकृतात. कुळाची थोरवी सांगायला एक भाषा, जमिनीचा कारभार करायला दुसरी. भाषेच्या या उतरंडीत राजालाही आपली पायरी नेमकी ठाऊक होती.

राजशेखर तर 'काव्यमीमांसे'त काव्यपुरुष आणि साहित्यविद्या यांचं लग्न या वत्सगुल्मातच लावून देतो. तोच राजशेखर पुढे म्हणतो, की स्त्रियाही पुरुषांसारख्या कवी होऊ शकतात, प्रतिभा आत्म्यात असते, तिला बाई-पुरुष भेद नाही. दहाव्या शतकाच्या आगेमागे हे म्हणणं मोठंच. पण दाखले देताना तो राजकन्या, महामात्यांच्या मुली, गणिका अशी नावं घेतो. त्या यादीच्या शेवटाला कुमुद सोमकुवर उभी राहू शकेल असं त्याच्या स्वप्नातही आलं नसणार. साहित्यविद्येच्या माहेरघरी आपण राहतो, असा अभिमान वाशीमकरानं जरूर बाळगावा. तिच्या सासरच्या दारात कुणाला किती काळ उभं राहावं लागलं, तेही सोबत वाचावं.

लेखातली एक गोष्ट मला कमी पडते, तीही सांगतो. संस्कृत शिकण्यातला निव्वळ आनंद मला अजून हवा होता. कुठला श्लोक पहिल्यांदा पाठ झाला, कुठल्या समासाचा विग्रह जमला तेव्हा अंगावर काटा आला, कालिदास कसा भेटला, हे चवीचवीनं वाचायला मी आसुसलेला होतो. संघर्ष पुढे येतो आणि आस्वाद त्याच्या आड जातो. काही ठिकाणी लेखिका प्रसंगानं जे सांगून झालंय ते विधानानं पुन्हा सांगते, आणि लेख क्षणभर व्याख्यान होतो. पण हे म्हणताना मनाशी विचार येतो, की शांतपणे श्लोकाची चव घ्यायला जी बेफिकिरी लागते ती तिला कुणी मिळू दिली होती का? तरीही रसिक म्हणून माझी रुखरुख कायम आहे.

शेवटाकडे येऊ. एम.ए. झालं, पेपरात कौतुक झालं, सत्कार झाले, पण नोकरी नाही. अर्ज जातात, मुलाखती होतात, काही हाती लागत नाही. केंद्रीय मंत्री जगजीवनराम यांना ती पत्र लिहिते. तिकडून शाबासकी येते, बक्षीस येतं. नोकरीचं दार काही उघडत नाही. या भागात गद्याची चाल मुद्दाम रूक्ष झालेली आहे. उपमा आटतात, वाक्यं अर्जातल्यासारखी कोरडी होतात. सुरुवातीला स्तुतीचा एवढा पूर होता, आणि पोटापाण्याच्या प्रश्नापाशी त्याचा एक थेंबही पोचलेला नाही. हा विरोध लेखिका बोलून दाखवत नाही. तो रचनेत आहे.

मग लग्न होतं. नवरा कुणबी, आडनाव पावडे. आणि लग्नानंतर जेमतेम दोन महिन्यांत सरकारी महाविद्यालयात नेमणूक होते.

शेवटच्या परिच्छेदात कुमुदताई जे करतात त्याला तोड नाही. लेखभर 'मी' म्हणून बोलणारी बाई इथे स्वतःला दोन नावांत फोडते. कुमुद सोमकुवर आणि कुमुद पावडे. मग न्यायाधीशाच्या थंडपणानं श्रेय कुणाचं ते ठरवते. शिकली सोमकुवर, नोकरी मिळाली पावडेला. बाईचं आडनाव लग्नानं बदलतं आणि त्यासोबत जातही बदलते म्हणे. तेव्हा प्राध्यापकपदाचं श्रेय त्या वरच्या समजल्या गेलेल्या जातीला, आणि माहेरची जात होती तिथेच, वंचित. आवाज कुठेही चढत नाही. सुरुवातीला ज्यांना सरकारचे जावई म्हणून हिणवलं, त्यांच्यातल्या मुलीला सरकारनं दारात घेतलं ते वरच्या जातीची सून झाल्यावर. टोमण्याचा असा हिशेब चुकता झालेला मी दुसरीकडे वाचलेला नाही, आणि तोही एकाही तिखट शब्दाशिवाय.

इथे पुन्हा ती पोथी आठवते. 'गुरुचरित्रा'त पुढे, गाणगापुरात, वेदविद्येच्या मस्तीत आलेल्या दोन ब्राह्मणांचं गर्वहरण आहे. वाटेनं चाललेल्या एका अंत्यजाला श्रीगुरू बोलावतात, जमिनीवर सात रेघा आखायला लावतात आणि त्याला त्या ओलांडायला सांगतात. एकेका रेघेसरशी त्याला आधीचा जन्म आठवतो, तो वरच्या वरच्या जातीत चढत जातो, आणि अखेरीला वेद म्हणू लागतो. पुढे श्रीगुरूंनी त्याच्या अंगावर टाकलेली विभूती पाण्यानं धुतली जाते, सगळं विस्मरण होतं आणि तो बायकापोरांबरोबर घरी परततो. भाविकाला यात गुरूंचं सामर्थ्य दिसतं, पंडितांच्या गर्वाला मिळालेली चपराक दिसते, आणि ते तिथे आहेच. पण 'अंतःस्फोट' वाचून झाल्यावर त्या कथेतली अट डोळ्यांत सलते. वेद त्याच्या तोंडी यायचे तर आधी त्याची जात बदलावी लागली. कुमुदताईंच्या बाबतीत विद्या आधीच तोंडी आलेली होती, घासूनपुसून, पदवीसकट. तरी जगानं ती मानली ती जात बदलल्यासारखी दिसली तेव्हा. सात रेघा तिथेही होत्या. तिनं अखेरीला केलं ते एवढंच, की आपल्या अंगची विभूती तिनं स्वतः, सर्वांदेखत धुऊन टाकली आणि म्हणाली, नीट बघा, मी सोमकुवर आहे.

हा लेख प्रिया आडारकर यांच्या इंग्रजी अनुवादातून, अर्जुन डांगळे यांनी संपादित केलेल्या 'पॉयझन्ड ब्रेड' (१९९२) या संग्रहात गेला आणि देशोदेशीच्या विद्यापीठांत वाचला जातो. मराठी वाचकाला मूळ पुस्तक मात्र शोधावं लागतं. शिरपूर जैनच्या नामदेव कांबळे यांच्या 'राघववेळ'ला १९९५ साली साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला तेव्हा जिल्ह्यातल्या वाचनालयांनी ती कादंबरी आपल्या माणसाची म्हणून कौतुकानं आणली असेल; आणायलाच हवी होती. 'अंतःस्फोट'ची लेखिका आपल्या जिल्ह्याची नाही, विदर्भाची तर आहे. वाशीम, कारंजा, रिसोड, मंगरूळपीर, जिथे असाल तिथल्या वाचनालयात हे पुस्तक मागून पाहा, आणि नसेल तर मागणीच्या वहीत त्याचं नाव लिहून या.